कार्डाची मागची बाजू

मित्रांनो, मी ग्रंथालयातली एक जुनी लाकडी पेटी आहे. पेटी म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर झाकण आणि कडी येईल. मला दोन्ही नाहीत. मला आहेत बेचाळीस खण. प्रत्येक खणाला पितळेची मूठ आहे आणि मुठीच्या वर नावाची चिठ्ठी सरकवण्यापुरती छोटी चौकट. खण अरुंद आणि लांब आहेत. त्यांत तळहाताएवढी कार्डे एकामागे एक उभी राहतात.

मला घडवणारा सुतार फार कमी बोलायचा. एक खण तयार झाला की तो ओढून पाहायचा, ढकलून पाहायचा आणि मान हलवून पुन्हा रंधा मारायला बसायचा. त्याची बायको म्हणायची, "अहो, खण आहे तो, बाळ नाही. किती गोंजारता?" त्यावर तो एवढेच म्हणायचा, "दिवसातून शंभरदा उघडायचाय तो. अडकला की शिव्या मला बसतील."

माझे पहिले काम सोपे होते. ग्रंथालयात कोणते पुस्तक कोणत्या फळीवर आहे, हे माझ्यातली कार्डे सांगत. अकरा वर्षे मी ते काम केले. मग पुस्तके वाढली, लोखंडी कपाटे आली आणि माझी कार्डे तिकडे गेली. मला खिडकीजवळच्या बोळात उभे करण्यात आले. माझ्या पाठीवर खडूने कुणीतरी 'मोडीत' असे लिहिले. रिकाम्या खणांत किती धूळ मावते, हे मला तेव्हा कळले.

त्या वेळी ग्रंथपाल म्हणून एक बाई होत्या. सगळे त्यांना नुसते 'बाई' म्हणत. बाईंचा आवाज कधी चढत नसे, तरी वाचक त्यांना वचकून असत. पानाचा कान दुमडलेला दिसला तर त्या तो अंगठ्याने इतक्या हळू सरळ करत, की दुमडणाऱ्याला मेल्याहून मेल्यासारखे होई.

एका सकाळी बाईंच्या टेबलासमोर एक तरुण स्त्री येऊन उभी राहिली. तिच्या खांद्यावर दुधाचा ओला डाग होता. कापडाच्या कारखान्यामागे तिचे पाळणाघर होते. कारखान्यात काम करणाऱ्या आयांची तेवीस मुले ती एका मोठ्या खोलीत सांभाळायची.

"बाई, एक विचारू? पुस्तक नकोय मला," ती म्हणाली.

"विचारा ना."

"आमच्यासारख्यांना मदत करणारे लोक असतात म्हणे. ट्रस्ट असतात, संस्था असतात. त्यांचे पत्ते लिहिलेलं एखादं पुस्तक असतं का?"

तिच्या खोलीला एकच दार होते. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने सांगितले होते, की आग लागली तर मुले बाहेर काढायला दुसरे दार हवे. दोन महिन्यांत दार झाले नाही तर पाळणाघर बंद. अधिकाऱ्याचे काही चूक नव्हते. पण भिंत फोडून दार बसवायची तिची ऐपत नव्हती.

बाईंनी दोन दिवसांची मुदत मागितली. तसे पुस्तक ग्रंथालयात नव्हते. मग त्यांनी जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा काढला आणि पान न् पान चाळले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना आतल्या पानावर काड्यापेटीएवढी एक सूचना सापडली. लहान मुलांच्या जागा सुरक्षित करण्यासाठी एक ट्रस्ट मदत देणार होता. अर्जाची मुदत नऊ दिवसांपूर्वी संपली होती.

पाळणाघरवाली आली तेव्हा बाईंनी ते पान तिच्यासमोर ठेवले. तिने ते वाचले, पुन्हा वाचले.

"म्हणजे हे इथंच होतं?"

"हो."

"या टेबलावर?"

"याच टेबलावर. वीस-पंचवीस जणांनी वाचलंही असेल. ज्यांना नको होतं त्यांनी."

तिने ते पान परत सरकवले. मग म्हणाली, "तुमची काय चूक त्यात?" आणि गेली. दोन महिन्यांची मुदत संपली आणि पाळणाघर बंद झाले. मुले आयांबरोबर कारखान्यात जाऊन यंत्रांच्या खाली, चिंध्यांच्या ढिगांवर झोपू लागली, असे ग्रंथालयाच्या शिपायाने बाईंना सांगितले. त्या उठून बोळात आल्या आणि ओल्या फडक्याने मला पुसू लागल्या.

"बाई, ही मोडीत निघालीय," शिपाई म्हणाला.

"मग मोडीतून परत आणा. माझ्या टेबलाशेजारी ठेवा."

मित्रांनो, माझे खरे आयुष्य त्या दिवशी सुरू झाले.

बाई रोज सगळी वर्तमानपत्रे वाचू लागल्या, अगदी जाहिरातींच्या कोपऱ्यांसकट. त्यांनी ट्रस्टना, कंपन्यांना, सरकारी कचेऱ्यांना पत्रे पाठवली. कुणी कुणाला कशासाठी मदत देतो, याचे एकेक कार्ड लिहिले. पुढच्या बाजूला देणाऱ्याचे नाव, पत्ता, कोणत्या कामासाठी, अर्जाची शेवटची तारीख. हे सारे शाईने. मागच्या बाजूला पेन्सिलीने त्या जे लिहीत, ते कुठल्याच सूचनेत छापलेले नसे. ज्यांचे अर्ज नाकारले गेले त्यांना शेजारी बसवून, विचारून विचारून त्यांनी ते मिळवले होते. 'नोंदणीच्या कागदावर सही-शिक्का नसेल तर अर्ज उघडतसुद्धा नाहीत.' 'फोटो हवाच.' 'मोठ्या संस्थेचे पत्र जोडले तर नव्या संस्थेलाही देतात.' एका कार्डामागे लिहिले होते, 'दुपारी फोन करू नये. साहेब उपाशी असतात.'

माझ्या चौकटींतल्या चिठ्ठ्याही बदलल्या. बाईंनी तिथे कचेरीतले जड शब्द लिहिले नाहीत. येणाऱ्याच्या तोंडी जे शब्द असत तेच लिहिले. छप्पर. पाणी. औषध. खेळ. येणे-जाणे. म्हातारपण.

हळूहळू लोक येऊ लागले. कुणी वाचनालय चालवणारे, कुणी अपंगांसाठी शिवणवर्ग घेणारे, कुणी नदीकाठचा कचरा उचलणारे. एकदा एक तरुण शिक्षिका आली. तिला शाळेसाठी संगणक हवे होते.

"मुलं बसतात कशावर?" बाईंनी विचारले.

"जमिनीवर."

"आणि संगणक कशावर ठेवणार?"

शिक्षिका लाजून हसली. त्या दिवशी ती बाकांचे कार्ड उतरवून घेऊन गेली. संगणकाचे कार्ड तिने दोन वर्षांनी येऊन उतरवले.

बाई कुणाचाही अर्ज स्वतः लिहून देत नसत. लोक गळ घालत, तेव्हा त्या म्हणत, "माझ्या शब्दांत मागितलंत तर देणाऱ्याला मी दिसेन. त्याला तुम्ही दिसायला हवं." पण लिहिलेला अर्ज मात्र त्या ओळ न् ओळ वाचत आणि पेन्सिलीने खुणा करून परत देत.

आता मी जे सांगणार आहे, ते सांगताना आजही मला जड जाते.

शहराच्या कडेला ऐकू न येणाऱ्या मुलांची एक शाळा होती. तिथले मुख्याध्यापक बोलताना ओठ स्पष्ट हलवत आणि हातही सारखे हलवत. घरी, दुकानात, ग्रंथालयात, सगळीकडे तसेच. सवयच पडली होती त्यांना. शाळेची एक जुनी गाडी होती. तिचा चालक मुलांना आणायला जाई तेव्हा भोंगा वाजवत नसे. मुलांना तो ऐकू येणार नव्हता. गल्लीच्या तोंडाशी थांबून तो पुढचे दिवे तीनदा लावायचा आणि विझवायचा. मुले दारात बसून त्या दिव्यांची वाट पाहत. त्यामुळे सगळे त्याला 'दिवेवाले काका' म्हणत.

गाडी इतकी जुनी झाली, की तिला रस्त्यावर आणायची परवानगी पुढच्या वर्षापासून मिळणार नव्हती. शाळेत एकतीस मुले होती. त्यातली एकोणीस दूरच्या वस्त्यांवरून गाडीने येत. मुख्याध्यापकांनी बाईंना सांगितले, "बाई, गाडी गेली की ही मुलं घरी बसतील. आणि घरी त्यांच्याशी बोलणारं कुणी नाही. आईबापांना हातांची भाषा येत नाही."

बाईंनी 'शाळा' हा खण उघडला, मग 'औषध', मग 'ऐकणे'. गाडीसाठी देणारा कुणी निघेना. शेवटी 'येणे-जाणे' या खणात एक कार्ड सापडले. होड्यांचा धंदा असलेल्या एका कुटुंबाने हा निधी काढला होता. ज्यांना पाय, डोळे किंवा कान साथ देत नाहीत, त्यांच्या प्रवासासाठी. शेवटची तारीख, त्याच महिन्याची एकतीस.

मुख्याध्यापक आनंदाने उभेच राहिले. तीन आठवडे त्यांनी अर्जावर मेहनत घेतली. एकोणीस घरी जाऊन पालकांची पत्रे आणली. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांचे अंगठे आणले. बाविसाव्या तारखेला ते जाड लिफाफा घेऊन निधीच्या कचेरीत गेले आणि दुपारी तोच लिफाफा हातात घेऊन परत आले.

"बाई, पंधरा तारखेला बंद झालं. दोन वर्षं झाली, मुदत पंधराच आहे म्हणे."

बाईंनी माझा खण ओढला. कार्ड काढले. चार वर्षांपूर्वी लिहिलेले ते कार्ड त्यांनी खिडकीशी नेऊन वाचले, जणू उजेडात आकडा बदलेल. मग त्या म्हणाल्या, "हे मी लिहिलंय. नंतर कधी विचारलं नाही."

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः मुख्याध्यापकांबरोबर त्या कचेरीत गेल्या. तिथे काय झाले ते मुख्याध्यापकांनी नंतर माझ्याशेजारी उभे राहून शिपायाला सांगितले, म्हणून मला ठाऊक आहे. निधीचे चिटणीस वयस्क आणि सभ्य गृहस्थ होते. बाई त्यांना म्हणाल्या, "चूक माझी आहे, शाळेची नाही. शिक्षा शाळेला होऊ नये."

चिटणिसांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले, "बाई, पंधरा तारखेच्या आत धावतपळत आलेले बारा अर्ज या टेबलावर आहेत. तुम्हाला आत घेतलं तर त्यांना काय सांगू?"

बाईंनी लिफाफा परत उचलला. चिटणिसांच्या जागी बाई असत्या, तर त्यांनीही हेच विचारले असते.

गाडी बंद पडली. दिवेवाले काका रोज सकाळी अकरा मुलांना दोन बस बदलून शाळेत आणू लागले, संध्याकाळी पुन्हा पोहोचवू लागले. उरलेली आठ फार लांब होती. तिथे बस जातच नव्हती. ती आठ घरी बसली. दर रविवारी बाई आणि मुख्याध्यापक चित्रांची पुस्तके घेऊन त्यांच्या घरी जात. पण आठवड्यातून एक तास म्हणजे किती? एका मुलाने दारात बसून गल्लीच्या तोंडाकडे बघत राहणे सोडले नाही, असे मुख्याध्यापक एकदा म्हणाले आणि बोलता बोलता त्यांचे हात थांबले.

पुढच्या वर्षी अर्ज मुदतीच्या पहिल्याच दिवशी गेला आणि मंजूर झाला. नवी गाडी सरळ ग्रंथालयाच्या पायऱ्यांपाशी आली. काकांनी दिवे तीनदा लावले-विझवले. मुलांनी दोन्ही हात वर करून बोटे थरथरवली. ती त्यांची टाळी होती. वाचनकक्षातले लोकही बाहेर आले आणि त्यांनीही तसेच हात हलवले. बाई दारात उभ्या राहून मुले मोजत होत्या.

सतरा होती.

एका मुलीचे कुटुंब दुसरीकडे राहायला गेले होते आणि पत्ता कुणाला माहीत नव्हता. दुसरीला घरच्यांनी एका बंगल्यावर कामाला ठेवले होते आणि आता ते तिला शाळेत पाठवायला तयार नव्हते.

"बाई, सतरा तर आली ना!" शिपाई म्हणाला.

"एकोणीस होती," बाई म्हणाल्या आणि आत निघून आल्या.

त्या दिवसापासून प्रत्येक कार्डाच्या मागे कोपऱ्यात एक तारीख येऊ लागली. 'खात्री केली,' असे लिहून त्यापुढे दिवस. दर सोमवारी बाई खणातली कार्डे बाहेर काढत आणि एकेका ठिकाणी फोन करून विचारत, तारीख तीच आहे का, माणूस तोच आहे का, मदत अजून देता का. एकटीला ते झेपेना, तेव्हा निवृत्त झालेले एक पोस्टमन काका मदतीला येऊ लागले. ते म्हणायचे, "जन्मभर लोकांची पत्रं पोहोचवली. आत काय लिहिलंय ते कधी कळलं नाही. आता निदान चार शब्द ऐकायला मिळतात." एखाद्या ठिकाणी त्यांना झिडकारले गेले की ते कार्डामागे लिहीत, 'भला माणूस, पण सोमवारी नाही.'

माझी कीर्ती पसरली. दुसऱ्या गावांची माणसे मला बघायला आली. एकदा ग्रंथालयाचा सत्कार झाला, वर्तमानपत्रात फोटो यायचा होता. छायाचित्रकार बाईंना म्हणाला, "खण उघडा आणि जरा हसा." बाईंनी खण उघडला. हसल्या मात्र नाहीत. तो उघडलेला खण 'येणे-जाणे'चा होता.

सव्वीस वर्षांच्या नोकरीनंतर बाई निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशी त्यांनी मेणबत्तीचा तुकडा आणला, माझा एकेक खण बाहेर काढला आणि खाचांना मेण चोळले. हारतुरे त्यांनी नको म्हणून सांगितले होते. माझ्या कडेवर क्षणभर हात ठेवला आणि त्या गेल्या.

नवे ग्रंथपाल आले. मित्रांनो, ते वाईट नव्हते, हे मी आधीच सांगते. कामसू होते, वक्तशीर होते. संगणक आणला, तर तो सगळ्यांना वापरता यावा म्हणून आणला. माझी सारी कार्डे एका मुलीने दोन महिने बसून संगणकात घातली. ती एकदा म्हणाली, "सर, मागे पेन्सिलीने काहीबाही लिहिलंय. पुसटसं आहे. आणि यात त्याला रकानाच नाही."

ग्रंथपालांनी दोन कार्डे उलटून पाहिली. एकावर लिहिले होते, 'साहेब उपाशी असतात.' ते हसले. "राहू दे. मुख्य माहिती आली ना?"

मी जिन्याखाली गेले. वरच्या खणांत दिव्यांचे निकामी गोळे, गंजक्या किल्ल्या, कुलूप हरवलेल्या कड्या येऊन पडल्या. खालच्या खणांतली कार्डे मात्र तशीच राहिली. ती टाकून द्यायचीही कुणाला आठवण झाली नाही. नऊ वर्षे गेली. जिन्यावरून चपलांचे आवाज येत, जात. माझ्याकडे कुणी पाहिले तर ते फक्त झाडूवाली, आणि तीही माझ्या पायाला झाडू लागला की.

एका दुपारी जिन्याखालच्या बाकावर चार बायका येऊन बसल्या. तिघी जावा होत्या, चौथी त्यांची सासू. सासूबाईंना काही वर्षांपूर्वी विस्मरण सुरू झाले. त्या घराबाहेर पडत आणि परतीची वाट विसरत. तिघी जावांनी पाळ्या लावून त्यांना सांभाळायला सुरुवात केली. मग शेजारच्या घरातले एक आजोबा तसेच, म्हणून त्यांनाही दुपारी आणून बसवू लागल्या. असे करता करता दोन खोल्यांत चौदा म्हातारी माणसे सकाळपासून संध्याकाळपर्यंत येऊ लागली. जावांनी रीतसर संस्था काढली. पण दीड वर्षापूर्वी एका आजींना खाताना ठसका लागला आणि त्या गुदमरल्या. त्या वाचल्या, पण डॉक्टरांनी जावांना बजावले, शिकलेली परिचारिका ठेवा, नाहीतर हे बंद करा. उद्या कुणी दगावले तर काय कराल?

परिचारिकेच्या पगारासाठी जावांनी ग्रंथालयातल्या संगणकावरची यादी पाहून चार ठिकाणी अर्ज केले होते. चारही ठिकाणांहून एकच ओळ आली. 'आपला अर्ज आमच्या निकषांत बसत नाही.' चौथे पत्र त्याच दिवशी हाती पडले होते.

"निकष म्हणजे काय गं एवढं?" मधली म्हणाली. "कुठं चुकतंय ते तरी सांगायचं!" तिच्या डोळ्यांत पाणी आले.

"रडू नको," थोरली हळू आवाजात म्हणाली. "आईंना वाटेल, आपण त्यांच्यावर चिडलोय."

सासूबाई तिकडे पाहतच नव्हत्या. त्या माझ्या चिठ्ठ्या वाचत होत्या. माणसे, रस्ते, दिवस, सगळे त्यांच्या हातून निसटले होते, पण वाचन राहिले होते. एका चौकटीपाशी त्यांचे बोट थांबले.

"म्हातारपण," त्यांनी मोठ्याने वाचले. "हा माझा."

धाकटीला त्याही परिस्थितीत हसू आले. सासूबाईंनी खण ओढला. नऊ वर्षांत त्याला कुणी हात लावला नव्हता, तरी तो सरळ बाहेर आला. त्यांनी कार्डे काढून मांडीवर घेतली आणि एकेक उलटे करून बाकावर मांडायला लागल्या. काहीतरी काम मिळाले म्हणून त्या खूश होत्या. मांडता मांडता वाचतही होत्या, शाळेतल्या मुलीसारख्या, एका सुरात.

"पगारासाठी देत नाहीत. वस्तू मागाव्या." दुसरे कार्ड. "तीन वर्षे जुनी संस्था लागते. जुन्या संस्थेचे पत्र जोडल्यास चालते." तिसरे. "पहिल्या वर्षी पलंग मागा. काम पाहायला येतात. दुसऱ्या वर्षी माणूस मागितला तर देतात."

"आई, थांबा," थोरली म्हणाली. "पुन्हा वाचा हे."

"कोणतं?"

"हेच, हातातलं."

सासूबाईंनी पुन्हा वाचले. थोरलीने ते कार्ड घेऊन सुलट केले आणि हातातल्या पत्राशेजारी धरले. नाव एकच होते.

धाकटी ग्रंथपालांना बोलावून घेऊन आली. त्यांनी कार्ड पाहिले, मग यादी उघडून पाहिली.

"हे आमच्या यादीत नाही," ते म्हणाले.

"यादीत याची पुढची बाजू आहे," थोरली म्हणाली. आवाज चढला नव्हता तिचा.

ग्रंथपाल तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले आणि कार्डे उलटून वाचू लागले. चार अर्ज. त्यांतल्या तीन ठिकाणांची मागची बाजू तिथे होती. त्या पेन्सिलीच्या पुसट ओळी न मिळाल्याने तिघी जावांचे दीड वर्ष वाया गेले होते. सासूबाईंनी एक कार्ड त्यांच्याही हातात दिले आणि म्हणाल्या, "रांगेत लावा. गोंधळ नको."

दुसऱ्या दिवशी ग्रंथपालांनी माझा तो खण सबंध बाहेर काढला, कापडात गुंडाळला आणि ते बाईंच्या घरी गेले. माझा खण म्हणजे मीच, म्हणून तिथले बोलणे मी ऐकले. बाई आता खूप थकल्या होत्या. डोळ्यांना जवळजवळ दिसत नव्हते. त्यांनी बोटे फिरवून पितळी मूठ ओळखली.

"बाई, मी ही बाजू टाकून दिली," ग्रंथपाल म्हणाले. "रकाना नाही म्हणून."

"टाकलीत कुठं? टाकली असती तर आज काय घेऊन आला असता?" बाई म्हणाल्या. "वाचा."

ते वाचू लागले. बाई मध्येच थांबवत. "हे गृहस्थ गेले. त्यांच्या सुनेला विचारा, ती पाहते आता." "हे बंद झालं असेल, तरी फोन करा." "हे अक्षर माझं नाही, पोस्टमन काकांचं आहे. विश्वासाचं आहे." खणातली सगळी कार्डे संपायला पाच दुपारी लागल्या. शेवटच्या दुपारी ग्रंथपाल निघाले, तेव्हा बाईंनी त्यांना हाताने थांबवले.

"एक ऐका. यातलं निम्मं आता खोटं असेल. माझं अक्षर पाहून खरं मानू नका. मी मानलं होतं एकदा."

"मग काय झालं?"

"दोन मुली," बाई म्हणाल्या. त्यांनी चाचपून खण ग्रंथपालांकडे सरकवला.

ग्रंथपालांनी प्रत्येक ठिकाणी फोन करून खात्री केली. खरोखरच निम्मी कार्डे बाद निघाली. उरलेली त्यांनी दोन्ही बाजूंनी संगणकात घातली. त्यासाठी नवा रकाना करायला एका माणसाला अर्धा तास लागला. जावांनी त्या वर्षी परिचारिका मागितलीच नाही. पलंग मागितले, भिंतीला धरून चालायचे दांडे मागितले, एका जुन्या रुग्णालयाचे पत्र जोडले. पलंग आले. माणसे काम पाहून गेली. आणि त्या पलंगांकडे बघून रुग्णालयानेच दिवसातून दोन तास आपली परिचारिका पाठवायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी कायमची परिचारिका मिळाली. सासूबाई मात्र तोपर्यंत राहिल्या नाहीत. त्या गेल्या तेव्हा आपल्या तिघी सुनांना त्या ओळखत नव्हत्या, पण तिघीही जवळ होत्या.

मित्रांनो, आता मला मुलांच्या खोलीत आणून ठेवले आहे. माझ्यात कार्डे नाहीत. तुमचे रंगीत खडू आहेत, कात्र्या आहेत, कुणीतरी लपवलेले एक अर्धे बिस्किट आहे. माझी तक्रार नाही. खण हळू ओढा, एवढेच मागते. मी जुनी आहे.

आणि आणखी एक. मदत मागायला येणारा माणूस दारात बराच वेळ घुटमळतो, हे मी इतकी वर्षे पाहिले आहे. त्याला वाटते, आपल्याला एकट्यालाच हे ठाऊक नाही. कधी काळी असा कुणी तुमच्यासमोर उभा राहिला आणि त्याला लागणारे दार तुम्हाला माहीत असले, तर ते त्याला दाखवा. पण दाखवण्याआधी एकदा स्वतः जाऊन ढकलून पाहा, ते अजून उघडते ना.